टायरची पत्रिका

मराठी माणूस लग्न ठरवताना पत्रिका बघतो, आंबा घेताना देठाशी नाक नेऊन बघतो, पण मोटार घेतली की तिच्या टायरांकडे तो फक्त लाथ मारण्यापुरताच बघतो. लाथ मारायची, "हवा ठीक आहे" म्हणायचे नि बसायचे. डॉक्टर असा रक्तदाब बघू लागले तर दवाखान्याची पायरी कोण चढेल?

वास्तविक टायर हा फार मोकळ्या मनाचा प्राणी. सगळी पत्रिका अंगावर छापून घेऊनच तो हिंडतो. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ८८ एच. यातले १८५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे त्रिज्या नव्हे, रेडियल. आतल्या दोऱ्यांची ती ठेवण. १५ हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आमच्या खडवलीच्या वाण्याकडेसुद्धा इतकी सरमिसळ नसते. ८८ म्हणजे ८८ किलो नव्हेत. तक्त्यात त्या आकड्यापुढे ५६० किलो असतात, एका टायरने पेलायचे. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालेल. खडवली-पडघा रस्त्यावर ही सवलत वापरून दाखवणाऱ्यास माझ्यातर्फे वडापाव.

आता हवा. कसारा लोकलने जाणाऱ्या माणसाला दाब म्हणजे काय हे शिकवायला नको. पण टायरचा दाब मोजायचा तो दर चौरस इंचाला पौंडांत. आणि गाडीला किती पौंड हवेत हे टायरवर नसते. तिथे असते ती कमाल मर्यादा. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि तो टायर थंड असतानाचा. म्हणजे गाडी तीनेक तास उभी राहिल्यावरचा.

आमच्या दाजींना हे मान्य नव्हते. दाजी म्हणजे ताईचे यजमान, डोंबिवलीला असतात. गेल्या मे महिन्यात ताई, दोन मुले आणि ऐंशीच्या घरातल्या आपल्या आई यांना घेऊन ते नागपूरला लग्नाला निघाले. वाटेत मुक्काम आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी आमण्याहून समृद्धी महामार्गाला लागायचे. तो ५ जून २०२५ पासून नागपूरपर्यंत सलग झालेला. ७०१ किलोमीटर, मोटारींना ताशी १२० ची मुभा.

"उन्हाळ्यात हवा पंचवीसच ठेवायची," दाजी म्हणाले. "तापली की वाढतेच की!"

"दाजी, चौकटीवर तेहतीस लिहिलंय."

"ते थंड देशातल्या लोकांसाठी."

वाढते हे खरेच; पण तेहतीस हा आकडा ती वाढ धरूनच काढलेला असतो. हवा कमी असली की टायरची भिंत फेरीफेरीला वाकते-सरळ होते. तार सारखी वाकवली की गरम होऊन तुटते, तसेच. त्या महामार्गावर टायर फुटून अपघात झाले तेव्हा २०२३ साली परिवहन खात्याची माणसे प्रवेशाशीच टायर तपासू लागली, आणि झिजलेले टायर असलेल्यांना परत पाठवू लागली.

संध्याकाळी दाजींना घेऊन खडवली फाट्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. चाचांनी गेज लावायच्या आधी टायरची भिंत ओल्या फडक्याने पुसली. चार आकडे निघाले : १४१६.

"चौदावा हफ्ता, सन सोला," चाचा म्हणाले.

"अहो, पण नक्षी बघा! गाडी घर ते स्टेशन एवढीच फिरते," दाजी म्हणाले. नक्षी खरेच खोल होती, १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद, इथे त्याच्या चौपट असेल. पण चाचांनी भिंतीवर नख फिरवले तशा बारीक भेगा दिसल्या. रबर नुसते उभे राहूनही म्हातारे होते.

चार टायर म्हणजे वीस हजारांच्या पुढची गोष्ट. दाजी गप्प झाले. घरी येऊन त्यांनी आईपुढे फिर्याद मांडली, ती बहुधा आई आपल्या बाजूने बोलेल म्हणून. म्हातारीने सगळे ऐकून घेतले नि म्हणाली, "वय झालं म्हणून मला तू जिना चढू देत नाहीस. मग त्यालाच कशाला एवढं पळवतोस?"

सकाळी कल्याणहून नवे टायर चढले. हवा तेहतीस. नायट्रोजन भरू का, असे दुकानदाराने विचारले, तेव्हा साध्या हवेत तो ७८ टक्के फुकटच असतो, असे सांगून दाजींनी थोडी तरी वसुली केली.

मे महिन्यातले ते ऊन, तो तापलेला काँक्रीटचा रस्ता. दिवसभर माझे लक्ष फोनकडे. रात्री उशिरा ताईचा आवाज आला, "पोचलो रे." एवढेच.

मागून दाजी कुणाला तरी ठणकावून सांगत होते, "छे छे, पंचवीस अजिबात नाही! चौकट बघा, चौकट!"