मॅनिफोल्ड, मेस्त्री आणि मी

सेकंड इयरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं होतं, "इनटेक मॅनिफोल्डचं काम काय?" मी फाडफाड उत्तर दिलं, आकृतीसकट. सर खूश, मी खूश. त्या उत्तराने डोक्यात जी हवा गेली, ती गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापुरात, आमच्या अंगणात उतरली. त्याचीच ही गोष्ट.

आमच्याकडे ९८ सालची मारुती ८०० आहे. पांढरी, कार्बोरेटरवाली. ८०० बनवणं कंपनीने २०१४ साली बंद केलं, पण पप्पांनी बंद केलेलं नाही. म्हणजे वापरणं. सुट्टीला घरी गेले तेव्हा बाईसाहेबांनी नवीन नखरा सुरू केला होता. चोक ओढला की नीट चालायची, चोक आत ढकलला की फडफड करून बंद. मी रोगनिदान केलं: कार्बोरेटरच्या पुढे कुठून तरी जास्तीची हवा आत जातेय. ती हवा पेट्रोल न घेताच जाते, त्यामुळे मिक्श्चर पातळ होतं. चोक ओढल्यावर पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून तेवढ्यापुरतं चालतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट गेलेलं असणार. निदान शंभर टक्के बरोबर निघालं. हे आवर्जून सांगते, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं काही नाही.

"मेस्त्रींकडे टाकूया," पप्पा म्हणाले. सोमवारी आजीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचं होतं. "तीन तासांचं काम आहे पप्पा, मी करते," मी म्हणाले. त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

गुरुवारी ते ऑफिसला गेल्यावर मी बॉनेट उघडलं. कूलंट काढलं (या मॅनिफोल्डमधून गरम कूलंट फिरतं, पेट्रोलची वाफ नीट व्हावी म्हणून), कार्बोरेटर उतरवला, जुनं गॅस्केट खरवडलं, नवीन बसवलं. सगळं पुस्तकाबरहुकूम. मग शेवटचा, टोकाचा नट. पुन्हा लीक नको म्हणून म्हटलं अजून थोडा कसू. हात पुरेना. न्हाणीच्या मागे नळाचा दोन फुटी पाइप पडला होता, तो पान्याच्या दांड्यावर चढवला. सहा इंचाचा पाना, दोन फुटांचा पाइप. तोच जोर, टॉर्क चौपट. हा प्रश्न मला फर्स्ट इयरला आला होता आणि मी तो बरोबर सोडवला होता.

"टक्" असा आवाज आला. मॅनिफोल्डचा टोकाचा कान माझ्या हातात.

संध्याकाळी पप्पांना सांगितलं, "कास्टिंग जुनं होतं हो. आधीच तडा गेलेला होता." ते "असेल" म्हणाले. एवढंच नाही, शेजारच्या काकांनाही त्यांनी सांगितलं, की बरं झालं पोरीच्या वेळेत लक्षात आलं, नाहीतर मिरजेच्या रस्त्यात अडकलो असतो. ते कौतुक ऐकताना मला जेवण जाईना.

शुक्रवारी तुटका भाग पिशवीत घालून उद्यमनगरात मेस्त्रींकडे गेले. त्यांनी तुटलेली कड उजेडाकडे धरली. जुना तडा असता तर तेल-मळाने काळा पडलेला असता. माझी कड चांदीसारखी लखलखत होती.

"आधीच तडा होता व्हय?" त्यांनी विचारलं.

मी गप्प. तेही पुढे काही बोलले नाहीत. म्हणाले, कंपनीचा पार्ट लगेच मिळायचा नाही, लोकल घे. माझ्याकडे माणसं नाहीत, दिवाळीचं काम तुंबलंय. उद्या घरी जाताना बघून जातो.

लोकल मॅनिफोल्ड अठराशेला मिळाला, "दिल्लीचा माल आहे, एक नंबर" या ग्यारंटीवर. शनिवारी मेस्त्री आले. त्यांनी नवीन पार्टवर स्टीलपट्टी उभी धरली आणि "फिलर दे" म्हणाले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. पाना, गोटी, पॅकिंग हे शब्द मी त्या आठवड्यातच शिकले होते, पण फिलर गेज लॅबमधलं ओळखीचं! पट्टीखालून पाव मिलिमीटरचं पातं सहज गेलं. एवढा बाक कुठलं गॅस्केट भरून काढणार? मी तसाच बसवून पुन्हा पाइप शोधायला गेले असते, हे नक्की.

मग आईच्या शोकेसची काच जमिनीवर आडवी झाली. तिच्यावर पॉलिश पेपर, आणि त्यावर मॅनिफोल्ड इंग्रजी आठाच्या आकारात घासायचा. मेस्त्रींनी आधी त्या तोंडावर पेन्सिलीने रेघा मारून दिल्या आणि म्हणाले, "सगळ्या रेघा गेल्या की तोंड सपाट झालं. मग घासायचं नाही." दीड तास लागला. मधल्या रेघा काही केल्या जाईनात. खांदे भरून आले. शेवटी बारीकातलं बारीक पातंही पट्टीखाली शिरेना, तेव्हा जो आनंद झाला तो मला कुठल्याच सेमिस्टरच्या रिझल्टने दिलेला नाही. नंतर रॉकेलने धुतलं, कारण अ‍ॅल्युमिनियमचा कीस आत राहिला तर इंजिनच खाईल.

नट कसताना मेस्त्रींनी पाना माझ्याच हातात दिला. मधून सुरू करून टोकांकडे, तीन फेऱ्यांत. खालचे नट दिसतच नाहीत, नुसत्या बोटांनी शोधायचे. पाना लांबून धरला की ते हातावर चापट मारत. "आखूड धर. मनगटाला कळतंय तेवढंच."

रात्री पावणेनऊला गाडी सुरू झाली. चोक आत ढकलला. बंद पडली नाही. मेस्त्रींनी स्लो सेट केला, चहा घेतला आणि पप्पांशी उसाच्या दरावर बोलत बसले. कडेबद्दल अवाक्षर नाही.

सोमवारी मिरजेहून येताना आजी मागे झोपली होती. डोळ्यावर पट्टी. हातकणंगले गेल्यावर मी म्हणाले, "पप्पा, तडा आधी नव्हता. कान मी मोडला. पाइप लावून कसत होते."

त्यांनी गिअर बदलला. जरा वेळाने म्हणाले, "पाइप गाडीखालीच विसरली होतीस. गुरुवारी बघितला मी. घरी गेल्यावर न्हाणीमागे ठेव परत, आई कपडे वाळत घालते त्यावर."