टाळ्या, शिट्ट्या आणि आरडीएक्स

मराठी विभागासाठी लिहितोय म्हटल्यावर घरी सगळे हसले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मी, अजूनही एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये गडबडतो! पण विषय आवडीचा आहे. पिक्चर! त्यातही टेररिस्टवाले.

फॉर्म्युला आता पाठ झालाय. बॉम्बवर लाल आकडे उलटे पळतात आणि हीरो शेवटच्या सेकंदाला वायर कापतो. आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले दर वेळी भांडतो, की बॉम्ब लावणारा डिस्प्ले कशाला बसवेल? उगाच बॅटरीचा खर्च!

आमचा ऑल टाइम फेव्हरेट म्हणजे 'मैं हूँ ना' (२००४). आर्मीचा मेजर कॉलेजात विद्यार्थी बनून येतो, सर बोलताना थुंकी उडवतात, टीचर दिसली की गाणं सुरू होतं आणि तिकडे राघवन बंदुका घेऊन तयार. 'तेरे बिन लादेन'ही (२०१०) जाम भारी. कराचीचा एक रिपोर्टर लादेनसारख्या दिसणाऱ्या कोंबडीवाल्याला घेऊन खोटा व्हिडिओ बनवतो. हसून हसून पोट दुखतं.

मग २०२१ च्या दिवाळीत 'सूर्यवंशी' आला. मी अकरावीत होतो. लॉकडाऊननंतरचा पहिला पिक्चर, शाळेची सगळी गँग गेलो. त्यात पहिलीपासून माझ्या बाकावर बसणारा मित्रही होता. तो मुस्लिम आहे, हे तोपर्यंत कधी सांगावं लागलं नव्हतं. शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्ला! इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नच्या लाइनीत कोणीतरी त्याला म्हणालं, "काय भाई, तुझा मामू दिसतोय का रे स्क्रीनवर?" सगळे हसले. मीही हसलो. तोही हसला.

सेकंड हाफमध्ये त्याचा पॉपकॉर्नचा पुडा तसाच राहिला. परत येताना क्रांती चौकात गाडी थांबवली, तेव्हा तो म्हणाला, "अब ऐसी पिक्चरां अपुन घर पे ही देखेंगे." मी विचारलं, का रे? "घर पे कोई पलट के नहीं देखता."

रात्री पप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, आपल्या शहराच्या नावावर तर खराखुरा पाठलाग जमा आहे. मे २००६, मी वर्षाचा होतो. एटीएसने चांदवड-मनमाड रस्त्यावर एक टाटा सुमो आणि एक इंडिका यांचा पाठलाग केला. सुमो सापडली. ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७, ३,२०० काडतुसं! इंडिका निसटली. पेपरात त्याला 'औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण' म्हणत. निकाल लागला जुलै २०१६ मध्ये. १२ जण दोषी ठरले आणि ८ जण सुटले.

आकड्यांत कच्चा असूनही हे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. आरडीएक्स खरं होतं, धोका खरा होता. ते पकडणाऱ्या पोलिसांसाठी टाळ्या हव्यातच. पण कोण दोषी आणि कोण नाही, हे ठरवायला कोर्टाला दहा वर्षं लागली. पिक्चरमध्ये दाढी, काजळ आणि बॅकग्राउंड म्युझिक एवढ्यावर काम होतं. ते आठजण तिथे कधी दिसतच नाहीत. आणि आपण इंटरव्हलमध्ये शेजारच्या सीटवरच निकाल लावून मोकळे होतो!

'मैं हूँ ना' परत पाहिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यातला राघवन आर्मीतून काढलेला अधिकारी आहे आणि त्याचा साथीदार खान शेवटी चूक कळल्यावर त्याच्याच विरोधात जातो. इतक्या वेळा पाहूनही हे कधी जाणवलं नव्हतं.

मागच्या महिन्यात त्या मित्राला फोन करून सॉरी म्हटलं. चार वर्षं उशिरा. तो म्हणाला, "किस बात का?" मी सांगायला लागलो, तर मध्येच थांबवून म्हणाला, "पॉपकॉर्न का पैसा भी तूने अब तक नहीं दिया." म्हणजे त्याला सगळं आठवत होतं.

दोस्तांनो, पिक्चर मी बघणारच. शिट्टीही मारणार. फक्त पुन्हा कोणी तसला जोक मारला, तर या वेळी मी हसणार नाही. आणि हो, पॉपकॉर्न माझ्याकडून!