व्हिसा पाच वर्षांचा, विमा एका वर्षाचा



या पानावर बहुतेक जण जुन्या आठवणी लिहितात. वाडे, शाळा, सयाजीरावांचा काळ. मी आज जरा अलीकडचं लिहितोय. कारण हल्ली दांडिया बाजारात नाहीतर सुरसागरच्या काठी कोणी ओळखीचं भेटलं, की सत्तरीच्या माणसाला एक प्रश्न ठरलेला असतो, "मग, मुलांकडे कायमचे कधी जाताय?"

आपले पूर्वज गायकवाडी फौजेमागोमाग इकडे आले तेव्हा व्हिसा नव्हता आणि विमाही नव्हता. आले ते राहिले. आता आपली मुलं आणखी पुढे गेली. आमची एकुलती एक लेक कॅनडात ब्रॅम्प्टनला असते. ती आणि जावईबापू कित्येक वर्षं म्हणताहेत, आई-बाबा, आता इकडेच या. मी आपल्याच विद्यापीठाचा बी.कॉम. आणि छत्तीस वर्षं बँकेत काढलेली. त्यामुळे "या" म्हटल्यावर बॅग भरण्याआधी कागद वाचायला बसतो. ते कागद वाचून जे कळलं आणि त्यातून आमच्या घरात जे झालं, ते सांगतो.

कॅनडात आई-वडिलांना बोलवायचे दोन रस्ते. एक कायमच्या वास्तव्याचा. त्यात मुलांना २० वर्षं आपला खर्च उचलण्याचं हमीपत्र द्यावं लागतं, आणि मग आपल्याला तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते. पण हा रस्ता म्हणजे लॉटरी. २०२० मध्ये मुलांकडून नावं भरून घेतली, आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच यादीतून निमंत्रणं काढली. आमच्या लेकीचं नाव त्या यादीत आहे, नंबर काही लागलेला नाही.

दुसरा रस्ता सुपर व्हिसा. हा २०११ च्या डिसेंबरात सुरू झाला. व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा, कितीही वेळा ये-जा करा. एका वेळी दोन वर्षं राहता यायचं, ते जुलै २०२२ पासून पाच वर्षं झालं. मुलांचं उत्पन्न ठरलेल्या रेषेच्या वर लागतं, आपली वैद्यकीय तपासणी होते, आणि निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. विम्याचं नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याची पावती लागते. पूर्वी विमा कॅनडातल्याच कंपनीचा हवा असे, २८ जानेवारी २०२५ पासून तिथल्या नियामकाने मान्य केलेल्या बाहेरच्या कंपन्यांचाही चालतो. या व्हिसावर सरकारी दवाखाना फुकट नाही. तुम्ही पाहुणे. जे काही होईल ते विम्यावर, नाहीतर मुलांच्या खिशावर.

आता आमची गोष्ट.

२०२४ साली लेकीला दुसरं बाळ होणार होतं. तारीख जुलैची. आमच्या पासपोर्टात सुपर व्हिसा आधीच होता, तिकिटं काढायची आणि विमा घ्यायचा एवढंच बाकी. हिला २०२१ मध्ये एक स्टेंट बसलाय. मला साखर आहे, पण गोळ्या कित्येक वर्षं त्याच. एप्रिलमध्ये हिचं बीपी थोडं वर गेलं आणि डॉक्टरांनी गोळी पाचाची दहा केली. एवढंच. हिला त्रास काही नव्हता, सकाळचं फिरणंही चालू होतं.

मी पॉलिसीचे कागद वाचत होतो. त्यात एक शब्द सारखा येत होता, 'स्टेबल'. जुना आजार असला तरी विमा देतात, पण तो आजार पॉलिसी सुरू व्हायच्या आधी ठरावीक दिवस स्थिर हवा. आमच्या वयाला आम्ही बघितलेल्या पॉलिसींत ते १८० दिवस होते. स्थिर म्हणजे आपण समजतो तसं "बरं आहे" नव्हे. नवीन लक्षण नको, नवीन तपासणी सुचवलेली नको, आणि औषध बदललेलं नको. गोळी वाढवली तरी बदल, आणि पुष्कळ पॉलिसींत कमी केली तरी बदलच. म्हणजे हिच्या हृदयाच्या आणि बीपीच्या दुखण्याला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत संरक्षण नाही. जुलैत गेली आणि छातीत कळ आली, तर कंपनी हात वर करणार. विमा नसलेल्या पाहुण्याला तिथल्या हॉस्पिटलात एका रात्रीचे हजारो डॉलर पडतात, आणि अतिदक्षता विभागाचा विचारच करायला नको.

हे सांगितल्यावर ही म्हणाली, "अहो, गोळी वाढवली हे लिहायलाच पाहिजे का? डॉक्टर ओळखीचे आहेत. जुनी चिठ्ठी आहेच आपल्याकडे."

मी नाही म्हणालो. बँकेत कर्जाच्या फायली बघण्यात माझी अर्धी नोकरी गेली. अर्ज घेताना कोणी फार खोलात जात नाही, पण पैसे अडकले की फाइलचं पान न् पान उघडतं. विम्याचंही तेच. फॉर्म घेताना सगळे गोड असतात, क्लेम आला की इथल्या डॉक्टरांचे जुने कागद मागवतात. त्यात तारीख सापडली की हृदयाचाच नाही, पूर्ण विमा रद्द होऊ शकतो. मग बिल कोणाच्या माथी? बाळंतिणीच्या.

हिचं म्हणणं एकच, "लेकीच्या बाळंतपणाला आईने जायचं नाही, तर मग जायचं तरी कधी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस घरात जेवायला बसा आणि पाणी द्या एवढंच बोलणं. तिसऱ्या दिवशी लेकीचाच फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "आई, तू ऑक्टोबरात ये. बाबा, तुम्ही या."

आता बघा, बाळंतपणाला पंचाहत्तरीचा बाप! शेजारच्या गुजराती भाभी तोंडाला पदर लावून हसल्या. पण माझं औषध बदललेलं नव्हतं, मी 'स्टेबल' होतो. मे महिनाभर हिने मला स्वयंपाकघरात उभं केलं. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मऊ भात, मेथीची पातळ भाजी. सगळं वहीत उतरवून घेतलं, मापासकट. ब्रॅम्प्टनच्या देशी दुकानात सगळं मिळतं. बाळंतशेपा मागितल्या तर कोणाला कळेना, आपल्या बडोद्याच्या सवयीने 'सुवा' म्हटलं आणि लगेच पुडी पुढे आली. पहिले लाडू दगडासारखे झाले, जावईबापूंनी बिचाऱ्यांनी तेही खाल्ले. बाळाला न्हाऊ घालणं मात्र मला जमणारं नव्हतं, ते लेकीने फोनवर आईला विचारत विचारत केलं. इकडे ती फोनसमोर बसून म्हणायची, "डोकं धर नीट, कानात पाणी जाईल."

ऑक्टोबर संपता संपता ही आली. १८० दिवस पूर्ण करून, फॉर्मवर स्टेंट आणि वाढवलेली गोळी दोन्ही लिहून. बाळ तेव्हा साडेतीन महिन्यांचं होतं. ते चुकलेले साडेतीन महिने ती अजून मोजते. मीही मोजतो.

मार्चमध्ये आम्ही दोघं परत आलो. क्लेम केला नव्हता म्हणून न वापरलेल्या महिन्यांचे पैसे बरेचसे परत मिळाले. विमा घेताना ही परताव्याची अट जरूर विचारा. तसंच पहिली किती रक्कम आपण भरायची तेही बघा. ती जास्त ठेवली की हप्ता खाली येतो. आमचा दोघांचा वर्षाचा हप्ता माझ्या आठ-नऊ महिन्यांच्या पेन्शनइतका होता.

"पाच वर्षं राहता येतं, मग राहत का नाही?" असं लेक विचारते. त्याचं उत्तर शीर्षकात आहे. व्हिसा पाच वर्षांचा, पण विमा वर्षावर्षाचा. दरवर्षी वय वाढणार तसा हप्ता वाढणार, आणि या वर्षी जो आजार निघाला तो पुढच्या वर्षी 'जुना आजार' होणार. तिथे राहून एखादं मोठं दुखणं निघालं, तर पुढच्या वर्षी त्याला संरक्षण मिळेलच असं नाही. तेव्हा परत यावंच लागेल, आणि परत यायला इथे काहीतरी शिल्लक हवं.

म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगतो, इथली मेडिक्लेम पॉलिसी बंद करू नका. "आता तिकडेच राहणार, कशाला दोन-दोन हप्ते" म्हणून ती सोडून देणारी मंडळी मी बघितली आहेत. २०२४ पासून नवीन पॉलिसीला वयाची अट राहिली नाही हे खरं, पण कंपनी तब्येत बघूनच हो म्हणते, आणि जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. जुनी पॉलिसी चालू असली की ती वर्षं आपण भरून काढलेली असतात. हप्ता चुकला की ती कमाई गेली. आम्हा बँक निवृत्तांची समूह पॉलिसी नोव्हेंबरला नवी होते, आणि हयातीचा दाखलाही नोव्हेंबरातच. परदेशात असाल तर दोन्हींची सोय निघण्याआधी लावा. हयातीचा दाखला भारतीय वाणिज्य दूतावासातूनही करता येतो. सत्तरीवरच्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डही मिळतं, उत्पन्न न बघता, घरातल्या सत्तरीवरच्या सगळ्यांत मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत. ते काढून ठेवा.

बँकेतला माणूस म्हणून आणखी एक. कायमचं जायचं ठरवलंत, तर तुम्ही अनिवासी होता. बचत खातं एनआरओ करावं लागतं, त्या ठेवींवर ज्येष्ठांचं जादा व्याज मिळत नाही, टीडीएस न कापण्यासाठीचं ज्येष्ठांचं घोषणापत्र चालत नाही, टीडीएस ३० टक्क्यांच्या वर कापला जातो, सीनियर सिटीझन योजनेत नवीन खातं निघत नाही. मुलांना भेटायला जाऊन येणाऱ्याला, वर्षातले १८२ दिवस इथे असतील तर, आयकरात ही अडचण नाही.

अमेरिकेबद्दल पुष्कळ जण विचारतात. तिथे पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका वेळी किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने. विम्याची सक्ती नाही, म्हणून काही जण न घेता जातात. असं कृपा करून करू नका. मुलगा नागरिक असेल तर ग्रीन कार्ड मिळू शकतं, पण तिथे कधी नोकरी न केलेल्या आई-वडिलांना मेडिकेअर मिळायला पासष्टी तर हवीच, शिवाय सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि हप्ताही भरावा लागतो. ती पाच वर्षं विम्याचं काय, हे जाण्याआधी मुलांना विचारा. त्यांना आवडणार नाही, तरी विचारा.

आम्ही दोघांनी ठरवलंय. तब्येत स्थिर असेल तोवर वर्षातले चार-पाच महिने तिकडे, बाकी इथे. पुढच्या महिन्यात हिची डॉक्टरांकडे तपासणी आहे. ही मला परवा म्हणाली, "गोळी बदलली तर बदलू दे. आधी माझी तब्येत, मग तिकीट." हे तिने म्हटल्यावर मला बरं वाटलं.

तुमच्यापैकी कोणी ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंडचा अनुभव घेतला असेल तर जरूर लिहा. आपल्यात तिकडे मुलं असलेली घरं कमी नाहीत.