खजुरीची जखम

सौदीच्या पूर्व प्रांतातल्या कतीफच्या कितीतरी खजूरबागांच्या जागी आता घरं आहेत. तरी दारात दोन-चार खजुरी राखल्याशिवाय इथल्या माणसाला चैन पडत नाही. नव्या बंगल्यांपुढे कॅनरी खजूर आणि वॉशिंग्टोनिया पामसुद्धा शोभेसाठी लावतात. अशा अंगणांची देखभाल हे माझं काम. मालक बोलावतात ते बहुतेकदा झाड ‘साफ’ करायला. खालची पाती उतरवा, बुडखे तासा, फुटवे काढा, खोड कसं गुळगुळीत दिसू दे! त्या हौसेची मला धास्ती वाटते.

कारण ताज्या कापाचा वास सोंड्या भुंग्याला खेचून आणतो. तांबूस रंग, पाठीवर काळे ठिपके, पुढे लांब सोंड. मादी जखमेत एकेक करून दोन-तीनशे अंडी घालते. त्यातून निघणारी पांढुरकी, बिनपायांची अळी खोड आतून पोखरत जाते, आणि बाहेरून झाड महिनोन्‌महिने हिरवंगार दिसतं. आंब्या-वडाला जखम झाली तर साल वाढून ती हळूहळू बुजते. खजूर, माड यांच्या खोडात ती सोयच नाही. कापलेलं कायमचं कापलेलं राहतं. माथ्यावरचा एकुलता एक कोंब गेला, की बहुतेक खेळ संपला.

कोकणात हा भुंगा माडावर असतो. तिथे आधी गेंड्या भुंगा कोवळ्या सुईला भोक पाडतो आणि त्या वाटेने सोंड्या आत शिरतो. इथल्या अंगणात गेंड्याचं काम पुष्कळदा आपलाच कोयता करतो.

सोंड्या मूळचा आपल्याकडचा, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. लागण झालेल्या झाडांबरोबर तो आखातात आला. सौदीत त्याची पहिली नोंद 1987 मध्ये झाली, तीही कतीफमध्येच. 1990च्या दशकात सौदीच्या पूर्व प्रांतात त्याच्यावर काम करायला भारतीय शास्त्रज्ञ आले. त्यांत गोव्याचे कीटकशास्त्रज्ञ जोझे रोमेनो फालेरो होते. त्या पिढीने रुजवलेले गंधसापळे आजही बागांतून दिसतात. भोकं पाडलेल्या बादलीत खजूर, पाणी आणि भुंग्यांना एकत्र बोलावणाऱ्या गंधाची पुडी. बागेत ते हवेतच. पण छोट्या अंगणात, खजुरीच्या बुंध्याशी सापळा ठेवायला मी साफ नकार देतो. गंधाने आलेले सगळेच भुंगे बादलीत पडत नाहीत, काही शेजारच्या झाडावर उतरतात.

अंगणात खरा भरवसा डोळ्यांवर, नाकावर आणि बोटांवर. साध्या खजुरीत कीड बहुधा बुंध्यापासून छातीच्या उंचीपर्यंत, फुटव्यांच्या बेचक्यात सापडते. म्हणून गुडघे टेकून बघायचं. खोडावर तपकिरी, चिकट रस ओघळलेला दिसला, की तिथलं सोपट बाजूला करतो. आतून चावून बारीक झालेला ओला भुसा निघतो, त्याला आंबूस घाण वास असतो. आणखी उकरलं तर तंतू गुंडाळून केलेले लांबट कोष हाताला लागतात. शांत वेळी खोडाला कान लावला तर अळ्यांची कुरतड ऐकूही येते. कॅनरी खजुरीचं मात्र वेगळं. तिथे भुंगा माथ्यातून शिरतो. नव्या पात्यांवर खाचा दिसतात, कोंब कलतो, आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

लवकर सापडलं तर सडका भाग खरवडून, खोडात औषध टोचून झाड वाचतं, आणि वाचलेल्या झाडाला नवं पातं फुटलेलं बघण्यासारखा आनंद या धंद्यात दुसरा नाही. विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या भोकात ठासायची जुनी रीत राहत्या घराच्या खिडकीखाली मला मान्य नाही. पार पोखरलेलं झाड अंगणाच्या कोपऱ्यात टाकून ठेवणं त्याहून वाईट. आतले कोष फुटून भुंगे बाहेर पडतात. ते झाड त्याच दिवशी उचलून भुगा करायलाच द्यावं लागतं.

म्हणून मी मालकांना सांगतो, आणि कोकणात माड किंवा दारात शोभेचा पाम असणाऱ्यांनाही हीच विनंती: हिरव्या पात्याला हात लावू नका, ते पूर्ण वाळू द्या. इथे कापायचंच तर थंडीत कापा, तेव्हा भुंगा कमी उडतो. आणि कोयता ठेवण्याआधी कापावर औषध लावा, उद्यावर टाकू नका.