ग्रंथाचे नाव-गाव

पुस्तक हाती पडताच गोष्टीकडे धाव घ्यावी, हा वाचकाचा स्वभावच होय. लेखक, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष नोंदलेले आरंभीचे पान आपण बहुधा न वाचताच उलटतो. परंतु त्या पानाचे मोल आम्हां धारवाडकरांस तरी ठाऊक असावे. येथेच राहून इंग्रजीचे अध्यापन करणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'स १९७३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पुढे ग्रंथाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उपस्थित झाला आणि त्यांनी तो पुरस्कार परत केला. एका तारखेने एवढे घडविले!

आता पुस्तके मोबाइलवरही वाचली जातात. 'ईपब' प्रकारचे ई-पुस्तक आतून पाहिले, तर ते एक गाठोडेच असते. त्यात प्रकरणांच्या एचटीएमएल फाइली, चित्रे आणि एक नोंदफाइल असते. या नोंदफाइलीत शीर्षक, भाषा व ओळखक्रमांक आवश्यक मानले आहेत. लेखकाचे नाव मात्र ऐच्छिक! आम्ही विकत घेतलेल्या एका मराठी ई-पुस्तकाचा लेखक आमच्या यादीत 'अज्ञात' म्हणून नोंदला गेला, तो यामुळेच.

म्हणून केवळ नोंदफाइलीवर विसंबून राहू नये. प्रत्येक एचटीएमएल फाइलीस वाचकाला न दिसणारा एक शीर्षभाग असतो. तेथे ग्रंथाचे व लेखकाचे नाव लिहिले, म्हणजे एखादे प्रकरण गाठोड्यातून सुटले तरी त्याची ओळख त्याच्यासवे राहते. फाइलीच्या आरंभीच भाषेची खूणही करावयाची असते: मराठीस 'एमआर', कन्नडास 'केएन'. मराठी व हिंदी यांची लिपी एकच. खूण नसेल तर वाचून दाखविणारे यंत्र मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचण्याचा संभव असतो. अंध वाचकास त्याचा किती जाच होत असेल! कित्येक टंकांत 'ल' व 'श' ही अक्षरेही मग हिंदी वळणाची उमटतात. आमच्या हुबळी-धारवाडात घरी मराठी आणि बाजारात कन्नड. साहजिकच मराठी लेखात कन्नड वाक्य येते. तेवढ्या वाक्यास निराळी खूण करण्याची सोय आहे, हे आम्हांस फार आवडले.

विद्यार्थिमित्रहो, आजीच्या ओव्या वा आजोबांच्या आठवणी तुम्ही संगणकावर उतरवाल, तेव्हा कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी व कोणत्या भाषेत, एवढे फाइलीतच लिहून ठेवा. ज्यांनी त्या जपल्या, त्यांस 'अज्ञात' म्हणण्याची पाळी पुढच्या पिढीवर येऊ नये.