मागूरला सुई किती वर्षं टोचायची?

मागूर माशाच्या मादीला हॉर्मोनची सुई टोचली की पोटात अंडी तयार होतात, असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही, आणि माझं सगळं म्हणणं या गैरसमजापासूनच सुरू होतं. अंडी उन्हाळ्यातच भरत आलेली असतात. अडतं ते शेवटच्या टप्प्यावर, ती पिकून मोकळी होण्यावर. निसर्गात हे काम पाऊस करतो. मृगाच्या सरी पडल्या, बांधीत नवं पाणी साचलं, तलावाकाठचं गवत बुडालं की मागूरच्या मेंदूतून एक संप्रेरक सुटतं. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला जागं करतं आणि त्या ग्रंथीच्या स्रावाने अंडी सुटतात. टाकीत ठेवलेल्या मागूरपर्यंत पावसाचा हा निरोप पोचत नाही. शिवाय डोपामिन नावाचं दुसरं रसायन त्या ग्रंथीवर ब्रेक लावून बसलेलं असतं. म्हणून आजच्या तयार इंजेक्शनात दोन गोष्टी असतात: मेंदूतल्या संप्रेरकाची कृत्रिम प्रतिकृती, आणि तो ब्रेक सोडवणारं डोम्पेरिडोन, जे माणसाला उलटीवर देतात. सुई पावसाच्या जागी उभी राहते, एवढंच. रोडावलेल्या, पोट न भरलेल्या मादीला कितीही टोचलं तरी हाती काही लागत नाही.

आपल्याकडे या विद्येची सुरुवात झाली ती कार्प माशांपासून. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांचं प्रजनन घडवलं. तो दिवस आता देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्याआधी कटला, रोहू, मृगळ यांचं बीज मुख्यतः पूर आलेल्या नद्यांतून गोळा करावं लागे आणि त्यात नको ते मासेही येत. अंगुलनंतर जिरे, म्हणजे माशांची अगदी कोवळी पिलं, हव्या त्या जातीचे मिळू लागले. गोंदिया जिल्ह्यातल्या मच्छीमार सहकारी संस्था दर पावसाळ्यात मत्स्यजिरे आणि बोटुकली विकत घेऊन तलावात सोडतात, त्या व्यवहाराचा पाया तिथे घातला गेला. हा उपकार मोठा आहे आणि तो नाकारायचं मला कारण नाही.

पण त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. कोहळी समाजाने बांधलेल्या, पुढे मालगुजारी आणि आता मामा तलाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इथल्या स्थिर पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. म्हणजे दरवर्षी बीज आणा, सोडा, धरा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मोजा. मागूर, शिंगी, मरळ यांचं तसं नव्हतं. त्यांना नदी लागत नाही. काठाचं उथळ पाणी, गवत, धानाची बांधी एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. मागूर उथळात खळगा करून अंडी घालतो आणि नर राखण करत बसतो. हवेतून श्वास घेता येत असल्याने आटत्या बोडीच्या चिखलातही तो तग धरतो. या माशांसाठी ढिवर मच्छीमारांना कधी बीज विकत घ्यावं लागलं नाही, म्हणून हिशेबाच्या वहीत त्यांची किंमतही कधी चढली नाही. वहीत नसलेली गोष्ट कमी झाली तर लवकर ध्यानात येत नाही. भारतीय मागूर आज आंतरराष्ट्रीय यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे.

म्हणून माझा मुद्दा असा: कार्पला सुई कायमची लागणार, पण मागूरला ती मोजकी वर्षंच लागली पाहिजे. दोन्ही ठिकाणी औषध एकच असलं तरी हेतू वेगळा आहे. मागूरचं बीजही कार्पसारखं दरसाल विकत घेण्याची वस्तू झाली, तर फुकट चालणारी एक व्यवस्था मोडून आपण तिचं बिल मच्छीमाराच्या माथी मारलं असं होईल.

सुई प्रत्यक्षात काय मागते तेही पाहावं. ओल्या फडक्यात धरलेली मादी. पोट फुगीर आणि मऊ, जननद्वाराशी गोल बोंडासारखा उंचवटा. नराचा तोच अवयव लांबट आणि टोकदार. पाठीच्या मांसात वजनाच्या हिशेबाने, किलोला साधारण एक मिलिलिटरपर्यंत औषध दिलं जातं. दीडशे ग्रॅमच्या मादीला त्याचा अगदी छोटा अंश. चौदा ते सतरा तासांनी पोटावरून अंगठा हळू फिरवला की तपकिरी-सोनेरी अंडी ताटलीत उतरतात, एकमेकांना चिकटणारी. नराचं मात्र पोट दाबून वीर्य निघत नाही. त्याला मारून वृषण काढावे लागतात, मिठाच्या सौम्य द्रावणात कुसकरावे लागतात आणि ते द्रावण पिसाने अंड्यांवर फिरवावं लागतं. एका मादीची अंडी काही हजारांतच, कार्पसारखी लाखांत नाहीत. पिलं साधारण दिवसाभराने बाहेर येतात.

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो: जी जात वाचवायची, तिचेच नर मारायचे? आक्षेप रास्त आहे. एका नराच्या वृषणावर एकाहून अधिक माद्यांची अंडी फळवता येतात हे खरं, पण त्यातून दुसरी अडचण निघते. थोड्या नरांची संतती सगळ्या तलावांत गेली तर पिढ्या एकाच रक्ताच्या होतात. म्हणून जोड्या निरनिराळ्या तलावांतल्या हव्यात, त्याही याच जिल्ह्यातल्या, आणि दरवर्षी बदललेल्या. यात खर्च वाढतो. तो टाळायचा असेल तर हे काम हाती न घेतलेलं बरं.

दुसरा धोका संकराचा. सुईला जात कळत नाही. हौशी मत्स्यपालनात सायनोडोंटिस या मार्जारमीनांच्या गटातल्या निरनिराळ्या जाती हॉर्मोन देऊन एकमेकींशी जुळवल्या जातात आणि आईबाप न सांगता पिलं काचेच्या टाक्यांसाठी विकली जातात. टाकीतला संकर टाकीतच राहिला तर एक वेळ चालेल. तलावात तसं होत नाही. थाई मागूर नावाने आलेल्या आफ्रिकी मागूरवर 2000 साली केंद्र सरकारने बंदी घातली, कारण तो खादाड आहे आणि देशी माशांना उरू देत नाही. आपला मागूर आणि तो यांचा संकर सुईने होऊ शकतो, वाढतोही झपाट्याने, आणि म्हणूनच बीज विकणाऱ्याला त्याचा मोह पडतो. देशी म्हणून विकलेल्या बोटुकलीचे आईबाप कुठले, हे संस्थेने लेखी मागितलंच पाहिजे.

हॉर्मोन खाणाऱ्याच्या पोटात जाईल ही भीतीही बोलून दाखवली जाते. सुई आईला दिलेली असते, पिलाला नाही. बाजारात जाईपर्यंत ते पिलू कित्येक महिने तलावातलंच खाऊन वाढतं. टोचलेली मादी आणि मारलेला नर मात्र विक्रीला जाऊ नये, आणि हा नियम ढिलाईने पाळायचा नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: तलाव नीट केले तर मागूर आपणहून वाढेल, मग सुई कशाला? मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांच्या जाणकारीवर विसंबून तलावातलं बेशरम नावाचं तण काढलं, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि देशी माशांना पुन्हा थारा मिळाला. हा पुरावा मला इंजेक्शनच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मोठा वाटतो. जिथे थोडेफार मागूर उरले आहेत तिथे सुई नकोच. काठ मोकळा करा, चढणीच्या माशांच्या वाटेवर सापळे लावू नका, बांधीत कीटकनाशक जपून वापरा. पण ज्या तलावातून मागूर पुरता गेला आणि शेजारचा ओढाही तुटला, तिथे गवत लावून मासा उगवणार नाही. तिथे काठ आधी आणि सुई नंतर, असा क्रम हवा. काठ न सुधारता सोडलेली बोटुकली म्हणजे फक्त एक हंगाम पुढे ढकललेली टंचाई.

या कामाचं यश मी सोडलेल्या बोटुकलीच्या संख्येवर मोजणार नाही. बीज सोडणं बंद केल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, बांधीच्या गढूळ पाण्यात बोटाएवढी काळी, मिशाळ पिलं दिसतात का, हे त्या तलावाच्या ढिवरांना विचारावं. ती दिसली नाहीत तर पुढच्या सुईचे पैसे थांबवून आधी त्या तलावाच्या काठाकडे जावं.