कितवा आलास?

जानेवारीतला तिसरा रविवार. मुंबईहून रात्री सुटलेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस. स्लीपरच्या डब्यात खालच्या बर्थवर पन्नाशीचा एक माणूस बसतो, म्हणजे आधी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवतो, मग डावा, मग हळूच स्वतः टेकतो. पदक त्याने शर्टाच्या आत ढकललं आहे, पण फीत कॉलरबाहेर आली आहे आणि ती आत घालायची त्याला काही घाई दिसत नाही. समोर कुर्डुवाडीला उतरणारे गृहस्थ दशम्यांचा डबा सोडतात, फितीकडे बघतात, पायांकडे बघतात आणि विचारतात, "मॅरेथॉन का? वा! कितवे आलात?"

इथे गाडी अडते. कितवा आलो ते त्याला ठाऊक आहे, संयोजकांचा मेसेज दुपारीच आला आहे. आकडा चार अंकी आहे. तो सांगावा तर समोरचा चपापणार, न सांगावा तर आपण काही लपवतो आहोत असं वाटणार. शेवटी तो म्हणतो, "पूर्ण केली." गृहस्थ क्षणभर थांबतात. "हां हां," म्हणतात आणि दशमी पुढे करतात.

मराठी घरात हा प्रश्न फार जुना आहे. पोरगं निकाल घेऊन उंबऱ्यावर उभं राहिलं की आधी 'किती पडले' आणि लगेच 'कितवा आलास'. पास झालास ना, असं आधी कुणी विचारत नाही. त्यामुळे ज्याला वर्गात, कॉलेजात, ऑफिसच्या बढतीच्या यादीत कधी नंबर लागला नाही, असा मध्यावरचा माणूस पन्नाशीला टेकल्यावर पळायला लागतो आणि धातूची एक चकती मिळवून आणतो, तेव्हा तिचं नेमकं काय करायचं ते घराला कळत नाही.

सोलापुरात असे लोक आता बरेच झाले आहेत. पहाटे साडेचारला विजापूर रोडवर, संभाजी तलावाच्या कडेने, पार्क स्टेडियमभोवती किंवा भुईकोट किल्ल्याला आणि सिद्धेश्वर तलावाला वळसा घालून जाताना ते दिसतात. जुन्या लोकांच्या तोंडी संभाजी तलाव अजून कंबर तलावच आहे आणि पार्क स्टेडियमवर पाटी इंदिरा गांधींच्या नावाची आहे, पण पळणारा पत्ता सांगताना जुनी नावंच वापरतो. कुणी बँकेतला, कुणी शाळेतला, कुणी डॉक्टर, कुणी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा. सुरुवातीला कारण बहुतेक एकच असतं: रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट. पहिल्या आठवड्यात गल्लीतली कुत्री मागे लागतात आणि कट्ट्यावरचे मित्र विचारतात, "का बे, कोण मागं लागलंय काय?" दोन्हींचा बंदोबस्त एकाच पद्धतीने करायचा, थांबायचं नाही. पूर्व भागात शिरलं की पहाटेच्या पाळीचे माग चालू असतात. खटक-खटक, खटक-खटक. पळणारा नकळत त्या ठेक्यावर पावलं टाकू लागतो आणि गल्ली संपली, ठेका मागे राहिला की त्याचीही गती थोडी विस्कटते.

उन्हाळ्याचं काही बोलायला नको. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंश म्हणजे सोलापुरात बातमी नव्हे. सकाळी सात वाजता डांबर तापायला लागतं. म्हणून इथला पळणारा पहाटेचा प्राणी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्याचा सुगीचा हंगाम. हुरड्याचे दिवस आणि शर्यतींचे दिवस एकच, आणि रविवारी वीस किलोमीटर पळून शेतावर हुरडा खायला जाणाऱ्याने शेंगाचटणीवर किती हात मारावा याला काही धरबंध नसतो. पळून वजन उतरत नाही, अशी तक्रार करणारे बहुधा या मंडळींतच सापडतात.

पहिलं पदक बहुतेकांना आपल्याच गावात मिळतं, दहा किलोमीटरचं. आदल्या दिवशी बिब आणायचा. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद. त्याच्या पाठीला वेळ मोजणारी पातळ चिप चिकटवलेली असते आणि सोबत चार सेफ्टी पिना. त्या चार पिना टी-शर्टला सरळ लावणं ही रात्रीची मोठी कामगिरी, आरशात बघून लावल्या की नंबर तिरकाच बसतो. पहाटे मंचावर झुंबा, निवेदकाचा फाटलेला आवाज, पाहुण्यांचे हिरवे झेंडे. मग गर्दी हलते. सुरुवातीच्या चटईवरून जाताना 'पीं' अशी बारीक शीळ येते आणि तिथून पुढे घड्याळ फक्त आपलं. पुढच्या ओळीतला केनियाचा असो की कुंभारीचा, त्याच्या वेळेचा आपल्या वेळेशी संबंध नाही.

शेवटी रांगेत कॉलेजची पोरं पदकांचे जुडगे हाताला अडकवून उभी असतात. "अभिनंदन काका, मान खाली घ्या." 'काका' जरा टोचतं. पण मान खाली जाते. लग्नातला हार आणि निवृत्तीचा हार यांच्यामधल्या पस्तीस वर्षांत साध्या माणसाच्या गळ्यात कुणी काही घालत नाही. त्या दोन सेकंदांत धातू छातीवरच्या घामाला लागतो आणि गार वाटतो. नंतर फोटो, पदक दातात धरून सुद्धा. ते चघळण्यात काय आहे ते ऑलिम्पिकवाल्यांनाच ठाऊक. इथे बहुतेक पदकं जस्ताच्या मिश्रधातूची असतात, दाताला काही लागत नाही.

ऑलिम्पिकवरून आठवण निघते ती बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांची. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची अनवाणी पोरं लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळताना पाहिली आणि यांना परदेशी न्यायलाच हवं असं त्यांच्या मनाने घेतलं. १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या हिंदुस्थानी चमूत चौगुले होते, सदाशिव दातार होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. ४२.१९५ हा आज सगळ्यांना पाठ असलेला आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधला, पण तो कायमचा ठरला १९२१ मध्ये. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. एकोणिसावे! आज कुणी त्या वेळेत पळून आला तर सोलापूरचा ग्रुप महिनाभर त्याचा डीपी ठेवेल. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन पहिला आला हे पुस्तकात सापडतं. बेळगावचा एक मुलगा त्या परक्या, गार रस्त्यावर शेवटपर्यंत पळत राहिला, हे शोधावं लागतं.

जे पुरं करतात त्यांना काहीतरी द्यावं, हा विचार तसा जुनाच. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत १९२१ सालची, डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गमधल्या सुमारे नव्वद किलोमीटरची. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅफम या सैनिकाने मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले, १६ पोचले. आता महाराष्ट्रातूनही दरवर्षी लोक तिथे जातात. तिथलं पदक अगदी नाण्याएवढं. आपल्याकडच्या एखाद्या हौशी संयोजकाचं पदक त्याच्या शेजारी ठेवलं तर पेढ्याशेजारी पुरणपोळी ठेवल्यासारखं दिसावं. गंमत पुढे आहे. नऊ तासांच्या आत येणाऱ्याच्या पदकाला पहिल्या वर्षीचा विजेता बिल रोवन याचं नाव आहे. आणि अकरा ते बारा तास लागलेल्यांच्या, म्हणजे सगळ्यात शेवटच्या मंडळींच्या, तांब्याच्या पदकाला खुद्द संस्थापक क्लॅफम यांचं. बारा तास पुरे झाले की एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. कोण एका पावलाने चुकला ते त्याला दिसू नये म्हणून. चुकलेल्याला काही नाही.

पण 'कितवा' हा प्रश्न सरसकट मोडीत काढायचाही नाही. बारामतीच्या लताबाई करे साठी उलटल्यावर नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या, ते नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून. त्यांना पहिलाच नंबर हवा होता, आणि तो त्यांनी आणला. पुढे त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर किंवा आष्टीजवळच्या मांडव्याचा अविनाश साबळे यांच्यासाठीही सेकंद म्हणजे पोट होतं. नंबराची पर्वा नाही, असं म्हणायला महिन्याचा पगार वेळेवर जमा व्हावा लागतो. हौशी माणसाने एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

पळण्याची गोष्ट निघाली की महाराष्ट्रात कुणीतरी वारी काढतोच. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच आहे, तेव्हा तो मोह इथे दुप्पट. पण सोलापूरकराच्या अंगात पुरं करण्याची जी सवय मुरली आहे ती वारीहून जवळची आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी या गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या यात्रेत पहिल्या दिवशी उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंच, जड ध्वज पेलत 'हर्र बोला हर्र'च्या गजरात लिंगामागून लिंग घेत साऱ्या गावाला प्रदक्षिणा घालतात आणि प्रत्येक लिंगाला तैलाभिषेक होतो. यालाच म्हणतात यण्णीमज्जन. साठ झाली, आठ राहिली, उद्या बघू, असं तिथे चालत नाही. वाटेत पेलणारे हात बदलतात, प्रदक्षिणा पुरी होते. आणि या प्रदक्षिणेत पहिला कोण आला, असं नऊशे वर्षांत कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

होम मैदानावर गड्डा, म्हणजे या यात्रेतली जत्रा, रंगात आलेला असतानाच मुंबईची मॅरेथॉन येते. ती २००४ मध्ये सुरू झाली आणि आता तिसऱ्या रविवारवर पक्की बसली आहे. गंमत म्हणजे शुक्रवारी रात्री सोलापुरातून निघालेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस पळणाऱ्याला शनिवारी सकाळी उतरवते ती सीएसएमटीला, आणि रविवारी पहाटे पाचला हौशींची पूर्ण मॅरेथॉन सुटते तीही तिथूनच. प्रवासाचा शेवटचा थांबा हीच शर्यतीची पहिली रेघ.

तीसेक किलोमीटरपर्यंत सगळं ठीक असतं. स्नायूंत साठवलेली साखर तिथे संपत आलेली असते आणि शरीर चरबीकडे वळतं, जी पुष्कळ असते पण सावकाश जळते. पाय आपले राहत नाहीत. नेमका तिथेच पेडर रोडचा चढ. तो काही ताम्हिणीचा घाट नव्हे, गाडीतून जाताना जाणवतही नाही. पण सोलापूरच्या सपाटीवर तयार झालेल्या आणि मुंबईच्या दमट हवेत भिजून चिंब झालेल्या माणसाला तो गड वाटतो. मीठ लावलेली संत्र्याची फोड हातात येते. फुटपाथवरच्या आजी ताट वाजवतात. कुणीतरी ओरडतं, "आलंच काका, आलंच!" हे खोटं असतं. अजून सहा किलोमीटर असतात. पण त्या खोट्यावर माणूस पाचशे मीटर जातो, आणि पुढे दुसरं कुणी तेच खोटं बोलायला उभं असतंच. पाच तास वीस मिनिटांनी तो पोचतो, तेव्हा जिंकलेले आंघोळ करून जेवून झोपलेले असतात.

पदकांचाही बाजार झाला आहे, हे खरं. पदकाचा फोटो बघून शर्यत निवडणारे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर आपापल्या गच्चीवर पळायचं, फोनमधला नकाशा पाठवायचा आणि पदक कुरिअरने यायचं. कुरिअरवाला सही घेऊन निघून जायचा, मान खाली घ्या असं काही म्हणायचा नाही. ती पदकं आजही अनेकांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहेत, बाहेर काढलेली नाहीत.

सोमवारी सकाळी सोलापूर. जिना उतरण्यापेक्षा चढणं सोपं, हे त्या दिवशी कळतं. पळणाऱ्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे हे नशीबच, फक्त परत खाली जायचं नाही. आई दिवाणावरून विचारते, "कितवा आलास रे?" तो पदक तिच्या हातात देतो. ती ते तळहातावर तोलते, चष्मा वर सरकवून मागची बाजू बघते, "जड आहे की," म्हणते आणि पदराने पुसून परत देते.

न्हाणीघराच्या दाराशेजारी एक खिळा आहे. मूळचा तो टॉवेलचा. सोलापुरात टॉवेलला काय तोटा, घरात डझनाने असतात. पहिलं पदक त्याने त्या खिळ्याला सहज अडकवलं, दुसरी जागा सुचेना म्हणून. आता फितींचा एवढा गठ्ठा झाला आहे की ओला टॉवेल त्यांच्यावरच टाकावा लागतो आणि पंखा लावला की आतून किणकिण येते. नवं पदक अडकवताना खिळा आणखी वाकतो.

"अहो, तो खिळा निघेल हं भिंतीतून," स्वयंपाकघरातून आवाज येतो. "एक तर नवा ठोका, नाही तर ते पळणं थांबवा."

तो खुर्चीचा आधार घेत खाली बसतो, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढतो आणि दोन इंची खिळा शोधू लागतो. तिसऱ्या घावाला खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं, "सकाळी सकाळी काय लावलंय बे?"